पाणबुड्यांच्या संस्था : वर्गणी कोणाची, मालकी कोणाची?

गेल्या दिवाळींत आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा मालवणाहून घरीं आला होता. कोंडलेल्या हवेचें नळकांडें पाठीशीं बांधून समुद्राखालीं उतरण्याची जी स्कूबा नांवाची विद्या अलीकडे आपल्या किनाऱ्यावर रूढ झाली आहे, ती तो शिकवितो. फराळ चालला असतां तो म्हणाला, "काका, यंदाची वर्गणी भरूं कीं नको, याच विचारांत आहें." आम्हीं विचारलें, "कसली वर्गणी?" तेव्हां कळलें, कीं ज्या परदेशी संस्थेनें त्यास शिक्षक म्हणून प्रमाणपत्र दिलें, तिला त्यानें दर वर्षीं ठराविक रक्कम द्यावी लागते. न दिल्यास विद्या शाबूत राहते, परंतु शिकविण्याची परवानगी थांबते. २०२० सालीं महामारीनें किनारे बंद पडले, मिळकत शून्यावर आली, आणि त्याची वर्गणी राहिली. पुढें नांव पुन्हां चालू करून घेण्यासाठीं त्यास उसने पैसे काढावे लागले, हें त्यानें घरांत कोणासच सांगितलें नव्हतें.

"अरे, पण तूं सभासद आहेस ना? वार्षिक सभेंत उभा राहून सांग, कीं अशा वर्षीं सूट द्यावी," असें आम्हीं जुन्या संवयीनें म्हटलें. तो हंसला. "काका, तेथें सभाच नसते. सभासद आम्ही, पण संस्था आमची नव्हे."

वर्गणी देतो तो सभासद, सभासदास मत, आणि मतांतून कारभारी मंडळ, हें गणित सार्वजनिक वाचनालयापासून पतपेढीपर्यंत आम्हीं जन्मभर पाहिलें. त्यामुळें पुतण्याचें तें वाक्य मनांतून जाईना. पुढचे दोन महिने त्याच्याकडून कागदपत्र मागवून व मिळेल तें वाचून या संस्थांचा आम्हीं जो शोध घेतला, तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम हें प्रमाणपत्र हवें कशाला, तें सांगितलें पाहिजे. पाण्याखालीं १० मीटर गेलें कीं अंगावरील दाब वरच्या हवेच्या दुप्पट होतो. त्या खोलीवर नळकांडयांतील हवेनें छाती भरून घेऊन कोणी श्वास कोंडून झटकन् वर येऊं लागला, तर तीच हवा वर येईतों दुप्पट जागा मागते, आणि फुप्फुस फाटण्याचा प्रसंग येतो. वर येतांना श्वास सोडीत राहावें, हा नियम ऐकावयास सोपा आहे. पण घाबरलेला माणूस नेमकें त्याच्या उलट करतो. म्हणून हें शिक्षण पुस्तकी असून चालत नाहीं. पहिली पायरी उतरलेल्यास सामान्यतः १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा असते, आणि हौशी पाणबुड्याची शेवटची मर्यादा ४० मीटर मानतात. बहुतेक देशांत असें पत्र बाळगण्याची सक्ती सरकारनें केलेली नाहीं. नळकांडें भरून देणारा दुकानदार आणि होडी नेणारा मालक तें मागतात, एवढाच त्याचा अधिकार. पण व्यवहारांत तोच पुरेसा ठरतो.

फ्रान्समध्यें जाक्-ईव्ह कूस्तो व एमील गान्यां या दोघांनीं १९४३ सालीं श्वासाबरोबर हवा पुरविणारें यंत्र सिद्ध केलें, आणि दहाएक वर्षांत हौशी लोकांची रीघ लागली. त्यांस शिकवावयाचें कोणीं? इंग्लंडांत १९५३ सालीं ब्रिटिश सब-अॅक्वा क्लब निघाला. त्याच्या शाखा गांवोगांवीं आहेत, शिकविणारे बहुतांशीं विनावेतन शिकवितात, सर्वच सभासद वार्षिक वर्गणी देतात, आणि वार्षिक सभेंत त्यांस मत असतें. शिकणारा व शिकविणारा एकाच मंडळाचे घटक! १९५९ सालीं मोनाको येथें निरनिराळ्या देशांच्या संघांनीं मिळून एक जागतिक महासंघ स्थापिला. त्याचे पहिले अध्यक्ष स्वतः कूस्तोच होते. अमेरिकेंत प्रारंभीं लॉस एंजल्स परगण्याच्या सार्वजनिक खात्यानें हें काम अंगावर घेतलें होतें, आणि त्यांतूनच पुढें आलेले अल टिलमन यांनीं नील हेस यांच्यासह १९६० सालीं 'नाऊई' ही शिक्षकांची संस्था काढली. ती नफ्यासाठीं नव्हती; शिक्षक-सभासदांनीं मतें देऊन संचालक निवडावे, या तत्त्वावर ती उभारली गेली.

एथवर सारें आमच्या ओळखीचें होतें. पुढें मात्र वाट फुटते.

इलिनॉय प्रांतांत जॉन क्रोनिन नांवाचे गृहस्थ पाणबुड्यांचें सामान विकीत, आणि त्यांचे मित्र राल्फ एरिक्सन पोहणें शिकवीत. १९६६ सालीं या दोघांनीं ३० डॉलर आणि व्हिस्कीची एक बाटली एवढ्या भांडवलावर 'पाडी' ही संस्था काढली, अशी ती संस्था स्वतःच कथा सांगते. (बाटलीचा तपशील आम्ही गाळणार होतों, परंतु इतिहास तो इतिहास.) नांवांत 'असोसिएशन' हा शब्द त्यांनींही घातला, 'नाऊई'च्या नांवांतही तोच आहे. पण एक सभासदांचा संघ, आणि दुसरी खाजगी मालकीची कंपनी! क्रोनिन यांची दृष्टि मात्र विलक्षण तीक्ष्ण होती. अभ्यासाचे लहान लहान भाग पाडावे, प्रत्येक भागास निराळें पत्र द्यावें, पत्रावर धारकाचें छायाचित्र असावें, शिकविणें दुकानाशीं जोडावें, म्हणजे शिक्षकाचें पोट भरतें व दुकानाचा मालही खपतो. चार-सहा दिवसांच्या सुटींत सामान्य गृहस्थास ही विद्या मिळूं लागली ती या पद्धतीमुळें, हें त्यांच्या टीकाकारांनींही मान्य केलें पाहिजे. आमच्या पुतण्याच्या हातांतील पाठ्यपुस्तकें आम्हीं चाळलीं. इतकीं नेटकीं पुस्तकें आमच्या शाळेस मिळालीं असतीं तर आम्ही धन्य झालों असतों.

क्रोनिन २००३ सालीं वारले. २०१२ सालीं ही कंपनी लिंकनशायर मॅनेजमेंट या गुंतवणूकदारांच्या पेढीनें घेतली आणि २०१७ सालीं मँडरिनफिश होल्डिंग्ज या नांवाखालीं एकत्र आलेल्या दुसऱ्या गुंतवणूकदारांस विकली. किंमत सांगितली गेली ७० कोटि डॉलर. हा आंकडा आम्हीं पुतण्यास दोनदां विचारून घेतला. घेणाऱ्यानें घेतलें तरी काय? समुद्र कोणाच्या मालकीचा नाहीं, होड्या व नळकांडीं दुकानदारांचीं. विकलें गेलें तें नांव, पुस्तकें, आणि दर वर्षीं हजारों शिक्षक वर्गणी भरतील व प्रत्येक नव्या शिष्यामागें पत्राचे व पुस्तकांचे पैसे पाठवितील, ही खात्री. शिष्य पत्राचे पैसे एकदांच देतो आणि त्याच्या पत्रास मुदत नसते. शिक्षकाची वर्गणी मात्र तो शिकवितो तोंवर संपत नाहीं. म्हणजे त्या ७० कोटींत आमच्या पुतण्यासारख्यांच्या पुढील पुष्कळ वर्षांच्या वर्गण्यांचा हिशेब धरलेला असलाच पाहिजे, आणि तो धरतांना त्यांस कोणी विचारलें नाहीं.

दुसरी मोठी संस्था एसएसआय. ती १९७० सालीं अमेरिकेंत निघाली, आणि २०१४ सालीं हेड या कंपनीकडे गेली. हेड म्हणजे टेनिसच्या रॅकेटी व बर्फावर घसरण्याच्या पट्ट्या करणारी; पाणबुड्यांचें सामान करणारी मारेस कंपनीही तिचीच. तेव्हां येथें परीक्षा घेणारा व सामान विकणारा एकाच घरचे झाले. शिवाय येथें शिक्षकानें कोणत्या तरी मान्य केंद्राशीं संलग्न असावें लागतें, स्वतंत्रपणें शिष्य घेतां येत नाहींत. याहून निराळा मार्ग १९९८ सालीं निघालेल्या 'जीयूई' या संस्थेचा. ती नफा न घेणारी आहे. पण तिचें पत्र तीन वर्षांनीं संपतें, आणि अंगीं विद्या टिकून आहे हें धारकास पुन्हां दाखवावें लागतें. शिक्षक या नात्यानें आम्हांस ही रीत मनापासून पटली. वर्गणी थांबली म्हणून अधिकार जावा, यापेक्षां अभ्यास थांबला म्हणून जावा, हें अधिक रास्त नव्हे काय?

सभासदांची मालकी म्हणजे रामराज्य, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटींत १८८४ पासून शिकविणारे आजीव सभासदच संस्थेचे कारभारी. तरी बाहेरची मिळकत सभासदांनीं घ्यावी कीं नाहीं अशा वादांतूनच टिळक १८९० सालीं तींतून बाहेर पडले. पण तो वाद सभेंत झाला, मतें पडलीं, राजीनामा कागदावर लिहिला गेला. पुतण्यास भांडावयाचें झाल्यास भांडावें कोणाशीं?

शिष्यांच्या दृष्टीनें या भेदाचा फारसा परिणाम नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पाणबुड्यांच्या शिक्षणासाठीं २००७ सालीं आंतरराष्ट्रीय मानकें प्रसिद्ध झालीं, आणि मोठ्या संस्थांचे प्राथमिक अभ्यासक्रम आतां पुष्कळसे समान आहेत. तेव्हां घरांतील मुलेंमुली अंदमानांत वा गोव्यास शिकणार असतील, तर पत्रावरील नांवापेक्षां शिकविणारा कोण, एका वेळीं किती शिष्य घेतो, पाणी गढूळ असतां नाहीं म्हणतो कीं नाहीं, हें आधीं विचारावें. मालवणास सिंधुदुर्गाजवळ हात धरून जी घटकाभराची बुडी घडवितात, तिनें मौज होते. त्यास कोणी शिक्षण समजूं नये.

पुतण्यापुढें तीन मार्ग होते. संस्था बदलावी, तर नव्या संस्थेचा वर्ग पुन्हां पैसे भरून करावा लागतो. शिकविणें सोडावें, तर तारकर्लीच्या पाण्यावर घेतलेले कष्ट फुकट. राहिली वर्गणी. आम्हीं करारपत्र मागवून कोश जवळ घेऊन तीन रात्रीं वाचलें. सभासद हा शब्द पानोपानीं आहे. मत हा शब्द कोठेंही सांपडला नाहीं. एक मात्र सांपडलें : ठराविक तारखेच्या आधीं पैसे भरल्यास थोडी सवलत मिळते, ती त्यास ठाऊकच नव्हती. ती तारीख आठ दिवसांवर होती. त्याच्या आईनें डब्यांतून पैसे काढून दिले, आम्हीं त्यांत थोडी भर घातली, आणि तो रात्रीच्या गाडीनें मालवणास परत गेला. हंगाम भरांत होता, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं चार शिष्य यावयाचे होते.