घरातल्या समुद्राला घाई चालत नाही

निळसर उजेडात डोलणारे प्रवाळ आणि त्यांच्यामधून सुळकन जाणारे नारिंगी क्लाउनफिश पाहिले की अशी टाकी आपल्याही दिवाणखान्यात असावी, असे अनेकांना वाटते. गप्पी, गोल्डफिश सांभाळलेल्यांना तर फरक फक्त मिठाचा वाटतो. प्रत्यक्षात प्रवाळांच्या मत्स्यालयात माशांपेक्षा पाणीच सांभाळावे लागते.

पहिला प्रश्न वजनाचा. ५०० लिटरच्या टाकीत नुसत्या पाण्याचेच वजन अर्धा टन भरते. काच, दगड, स्टँड धरले तर ते ६०० किलोंच्या पुढे जाते. त्यामुळे फ्लॅटमध्ये जागा ठरवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला घ्यावा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, कधी तांब्याचे अंशही असतात. प्रवाळ आणि कोळंबीला तांबे अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. म्हणून आरओ आणि डीआय गाळणीतून काढलेल्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम खास सागरी मीठ मिसळतात. स्वयंपाकघरातले मीठ येथे उपयोगाचे नाही. प्रवाळांना लागणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम त्यातून मिळत नाही.

पाणी भरले की लगेच मासे सोडण्याचा मोह होतो. नवख्यांचे मासे मरतात ते बहुधा याच टप्प्यावर. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तर दुसरे जिवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्ती करेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. टाकीत अमोनियाचा स्रोत घातल्यानंतरही चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसू लागले, तरच पहिला मासा सोडावा. क्लाउनफिशची पैदास आता बंदिस्त टाक्यांत होते. भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे. समुद्रातून पकडलेल्या माशापेक्षा असा मासा घेणे केव्हाही चांगले.

अनेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि ते प्रकाशापासून अन्न बनवून यजमानाला देते. त्यासाठी योग्य एलईडी दिवे आणि २५ अंशांच्या आसपास तापमान लागते. पाणी फार तापले तर शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिलरचा खर्च म्हणूनच टळत नाही. वीज गेली की पंप थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू घटू लागतो. त्यासाठी बॅटरीवरचा एअरपंप हाताशी हवा. बाष्पीभवनात पाणी उडते, मीठ मागेच राहते. त्यामुळे रोजची तूट गोड्या शुद्ध पाण्यानेच भरावी.

आरोग्याचा धोका मात्र क्वचितच सांगितला जातो. ‘झोअँथिड’ गटातल्या काही रंगीत, फुलांसारख्या प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते पेशींतील सोडियम-पोटॅशियमचे संतुलन बिघडवते. असे प्रवाळ चिकटलेला दगड उकळला किंवा गरम पाण्याने घासला, तर विष वाफेवाटे, तुषारांवाटे श्वासात जाऊ शकते. ताप, खोकला, धाप लागणे, तोंडाला विचित्र चव येणे ही त्याची लक्षणे. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीची सफाई करताना एका कुटुंबाला असाच त्रास झाला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. हे दगड कधीही उकळू नयेत. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा. लक्षणे दिसल्यास मोकळ्या हवेत जाऊन तातडीने रुग्णालय गाठावे आणि घरात प्रवाळ असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

हाताला जखम असताना टाकीत हात घालणेही टाळावे. पाण्यातल्या ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ या जिवाणूमुळे त्वचेवर महिनोन्‌महिने न भरणाऱ्या गाठी येऊ शकतात.

कायद्याचीही बाजू आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार भारतात दगडी प्रवाळांना संरक्षण आहे. किनाऱ्यावरून ते उचलून आणणे किंवा विक्रेत्याकडून गुपचूप घेणे गुन्हा ठरू शकतो. विक्रेत्याकडे प्राण्याचे नाव आणि तो कुठून आला याची कागदपत्रे मागावीत. ती नसतील तर टाकी तूर्त दगड, वाळू आणि दोन क्लाउनफिशवरच ठेवावी.