जॅकची खरी केस

आधीच सांगून टाकते, या पानावर शेवट फोडलेले आहेत. ‘चायनाटाऊन’ अजून बघितला नसेल तर या वीकएंडला सव्वादोन तास काढा, फोन सायलेंटवर टाका आणि मग इकडे या. १९७४ चा सिनेमा आहे, तो काही पळून जात नाही.

बघितलात? मग बोलूया.

साल १९३७, शहर लॉस एंजेलिस. जेक गिट्स (जॅक निकल्सन, एकदम कडक सूटमध्ये) खासगी डिटेक्टिव्ह आहे. त्याचा धंदा म्हणजे लफडी. कुणाचा नवरा कुणाबरोबर फिरतो ते बघायचं, फोटो काढायचे, बिल लावायचं. एक बाई येते, नवऱ्यावर पाळत ठेवायला सांगते. नवरा म्हणजे हॉलिस मलरे, शहराच्या पाणी खात्याचा चीफ इंजिनीअर. एका कोवळ्या मुलीबरोबरचे त्याचे फोटो पेपरात छापून येतात आणि मग खरी मिसेस मलरे वकील घेऊन गिट्सच्या ऑफिसात हजर! आधीची बाई तोतया होती. थोड्याच दिवसांत मलरे बुडून मेलेला सापडतो. शहरात दुष्काळ, आणि साहेबांच्या फुप्फुसात खारं पाणी.

पुढे धरण आहे, रात्री गुपचूप सोडून दिलेलं पाणी आहे, कोरड्या पाडून कवडीमोलाने घेतलेल्या जमिनी आहेत. हा भाग आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पण सिनेमाचा स्फोट होतो तो एका खोलीत. ती मुलगी कोण, असं गिट्स इव्हलिनला दरडावून विचारतो. ती म्हणते मुलगी. तो थोबाडीत मारतो. ती म्हणते मुलगी. पुन्हा थोबाडीत. मुलगी, बहीण, मुलगी... आणि मग कळतं की बाई एकदाही खोटं बोललेली नाही. दोन्ही खरं आहे. इव्हलिनच्या बापाने, नोआ क्रॉसने, पंधराव्या वर्षी तिच्यावर लादलेलं ते नातं आहे.

मी हा सीन पहिल्यांदा बघितला तेव्हा धक्का बसला तो क्रॉसचा. दुसऱ्यांदा बघितला तेव्हा लाज वाटली ती गिट्सची. आयुष्यभर लोकांच्या बेडरूमध्ये डोकावून या माणसाची कल्पनाशक्ती लफड्यापर्यंतच येऊन थांबली आहे. तरुण मुलगी आणि म्हातारा पुरुष दिसले की याच्या डोक्यात एकच उत्तर. आपणही त्याच्याबरोबर तेच उत्तर धरून बसलेलो असतो, हे जास्त टोचतं.

हिंदी सिनेमाने आपल्याला वेगळी सवय लावली आहे. ‘अमर अकबर अँथनी’त आई-बाप सापडले की सुटलो, गाणं वाजवा, घरी जा. रक्ताचं नातं उघड होणं म्हणजे हॅपी एंडिंग. डिटेक्टिव्ह सिनेमात उलटं: नातं उघड झालं की घर कोसळतं. खरं तर हे आपल्याला कर्णापासून माहीत आहे. त्यालाही आई कोण ते कळलं युद्धाच्या तोंडावर, जेव्हा त्या माहितीचा त्याला स्वतःला काडीचा उपयोग नव्हता.

आता पडद्याबाहेर या. निकल्सनचा जन्म २२ एप्रिल १९३७ चा, म्हणजे सिनेमातल्याच सालातला. न्यू जर्सीत एथेल मे या ‘आई’ने आणि जून, लोरेन या दोन ‘बहिणीं’नी त्याला वाढवलं. १९७४ मध्ये, ‘चायनाटाऊन’चं शूटिंग केव्हाच संपलेलं असताना, ‘टाइम’ मासिक त्याच्यावर मोठा लेख करत होतं. त्यांच्या माणसाने खोदकाम केलं आणि निकल्सनला सांगितलं: जून तुझी बहीण नव्हती, आई होती. एथेल मे तुझी आजी.

निकल्सन तेव्हा ३७ वर्षांचा होता. जून १९६३ मध्ये गेली होती, एथेल मे १९७० मध्ये. जाब विचारायला, रागावायला, मिठी मारायला दोघींपैकी कुणीच उरलं नव्हतं. लोरेन होती, तिने दुजोरा दिला. आणि पडद्यावर तोच निकल्सन एका बाईला मारून विचारत होता, बहीण की मुलगी? शूटिंगच्या वेळी त्याला यातलं काही माहीत नव्हतं. पटकथाकार रॉबर्ट टाऊनने हे लिहिलं असतं तर आपण ‘अति झालं’ म्हणून हसलो असतो. (त्याला याच पटकथेसाठी ऑस्कर मिळालं, अकरा नामांकनांतलं एकुलतं एक.)

अजून एक गंमत. क्रॉसचं काम करणारा जॉन ह्यूस्टन हा ‘द माल्टीज फाल्कन’चा दिग्दर्शक, आणि त्याची मुलगी अँजेलिका तेव्हा निकल्सनची गर्लफ्रेंड. सिनेमात क्रॉस गिट्सला विचारतो, माझ्या मुलीबरोबर झोपतोस का? तो प्रश्न आता ऐकून बघा. दुसरी गोष्ट गंमत नाही: दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीने १९७७ मध्ये तेरा वर्षांच्या मुलीशी शरीरसंबंधांचा गुन्हा कबूल केला आणि १९७८ मध्ये शिक्षेआधी अमेरिकेतून पळ काढला. सिनेमा थोर आहे, पण हे विसरून मला तो बघता येत नाही.

आपल्याकडे नवदीप सिंगने २००७ मध्ये ‘मनोरमा सिक्स फीट अंडर’मध्ये हीच गोष्ट राजस्थानच्या वाळूत नेली. अभय देओल डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लिहिणारा सरकारी ज्युनिअर इंजिनीअर. थिएटरमध्ये फारसा चालला नाही, पण जरूर बघा. आणि जॉन सेल्सचा ‘लोन स्टार’ (१९९६) तर अजिबात सोडू नका. टेक्सासमधला शेरीफ एका सांगाड्याचा तपास करताना बापाच्या भूतकाळात शिरतो आणि जिच्यावर शाळेपासून प्रेम केलं ती आपली सावत्र बहीण आहे इथे पोचतो. मग ती दोघं काय ठरवतात, ते मात्र मी फोडणार नाही. ते बघून माझ्या ग्रुपमध्ये दीड तास भांडण झालं होतं.

निकल्सनने पुढे १९९० मध्ये ‘द टू जेक्स’ स्वतः दिग्दर्शित केला. सिनेमा पडला, जरा लांबलेलाही आहे. त्यात दहा-अकरा वर्षं उलटली आहेत, गिट्सचं पोट सुटलं आहे आणि इव्हलिनची ती मुलगी मोठी झाली आहे. या वेळी तिचं नाव बाहेर येऊ नये म्हणून गिट्स धडपडतो.

तोवर निकल्सनला स्वतःचं उत्तर कळून सोळा वर्षं झाली होती.