किल्ली काढली म्हणजे गाडी निजली असं नव्हे!

स्वयंपाकघरातली एक गोष्ट आपल्याला कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. कुकरखालचा गॅस बंद केला म्हणजे कुकर निवला असं होत नाही. आत वाफ कोंडलेली असते. ती जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही आणि तोंड तर त्याच्यावर मुळीच न्यायचं नाही. नवीन लग्न होऊन आलेल्या मुलीलासुद्धा हे ठाऊक असतं. पण हीच अक्कल एक दिवस मोटारीच्या स्टिअरिंगपाशी उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

झालं असं, की आमच्या आठ वर्षांच्या लहान गाडीचा हॉर्न मध्येच वाजेनासा झाला. चाक डावीकडे वळवलं की वाजायचा, सरळ केलं की गप्प. चार दिवसांनी काट्यांच्या शेजारी एक तांबडा दिवा लागला, तो विझेचना. दिव्यावर बसलेल्या माणसाचं चित्र आणि त्याच्यासमोर एक गोल फुगा. सासूबाईंना दर पंधरवड्याला तपासणीला नेणं माझ्याकडे असतं. बाजारातल्या गर्दीतून हॉर्नशिवाय जायचं म्हणजे जीव मुठीत.

आमचे धाकटे चिरंजीव डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. त्यांनी फोनवर काहीतरी पाहून निदान केलं आणि सुटा भागही मागवला. रविवारी सकाळी मी चहा घेऊन अंगणात गेले, तर स्वारी गाडीत बसलेली. मांडीवर स्क्रू-ड्रायव्हर, हातात टेस्टर, आणि तोंड स्टिअरिंगपासून वीतभर अंतरावर. हॉर्न दाबायची ती मधली टोपी उचकटायचं चाललं होतं.

"अरे, बॅटरी सोडवलीस का?" मी विचारलं.

"कशाला? किल्ली काढलीय ना. गाडी बंदच आहे, आई."

"मग हात काढ आधी. बाहेर ये."

"अगं, करू दे की त्याला. हातानं केल्याशिवाय शिकेल कसा?" पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले.

मी बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले. शिकताना भीती घालवायची म्हणून गाडीबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं. घरात ते वाचणारी मी एकटीच. त्या टोपीमागे एअरबॅग असते आणि तिच्याशी कोणी घरी खेळू नये, एवढं मला पक्कं आठवत होतं. मी चहा खाली ठेवला आणि गाडीची किल्ली कमरेला खोचली. घरात दोन दिवस थोडा अबोला राहिला, पण किल्ली काही मी दिली नाही.

त्या टोपीमागे असतं काय?

ही कल्पना ज्याला सुचली त्याची हकिकत आपल्यासारखीच घरगुती आहे. अमेरिकेत जॉन हेट्रिक नावाचे गृहस्थ १९५२ साली पत्नी आणि लहान मुलीला घेऊन मोटारीतून फिरायला निघाले होते. समोर अडथळा आला, करकचून ब्रेक लावला, गाडी बाजूच्या चरात गेली. त्या क्षणी नवराबायको दोघांचेही हात आपोआप पुढे गेले, मधे बसलेल्या मुलीला धरायला. कोणाला इजा झाली नाही. पण पुढे येणाऱ्या त्या हाताचं काम एखादी उशी करील का, हा विचार त्यांच्या डोक्यातून जाईना. १९५३ सालच्या ऑगस्टमध्ये त्यांना पेटंट मिळालं. आपणही ब्रेक लागला की शेजारच्या मुलाच्या छातीवर हात आडवा धरतोच की नाही? एअरबॅगचं मूळ त्या हातात आहे.

आताची बॅग म्हणजे घडी घालून ठेवलेली नायलॉनची पिशवी. पोळपाटाला चिकटू नये म्हणून आपण पिठी भुरभुरवतो, तशी घड्या चिकटू नयेत म्हणून काही बॅगांत टाल्कम किंवा मक्याची पिठी घालतात. पिशवीमागे एका डबीत रसायनाच्या गोळ्या आणि ते पेटवणारी इवलीशी वात. टक्कर झाली की विजेचा झटका वातीला मिळतो, रसायन पेटतं आणि वायू तयार होऊन पिशवी फुगते. पूर्वी सोडियम अझाइड वापरत, आता बहुतेक दुसरी रसायनं असतात. हे सगळं साधारण एका सेकंदाच्या तिसाव्या हिश्शात उरकतं. आपली पापणीसुद्धा तेवढ्यात मिटत नाही. इतक्या वेगानं फुगणारी वस्तू टकरीत जीव वाचवते, पण अंगणात तोंडासमोर फुटली तर डोळा, मनगट, दात, काहीही जाऊ शकतं.

आता मुद्द्याची गोष्ट. टकरीत कधी कधी बॅटरीच तुटते. तरीही बॅग उघडली पाहिजे, म्हणून गाडीच्या एअरबॅगच्या पेटीत थोडी वीज साठवून ठेवलेली असते. म्हणजे किल्ली काढली, बॅटरी सोडवली, तरी काही काळ आत जीव असतो. कुकरातल्या वाफेसारखाच.

मेस्त्रींच्या गॅरेजात

मंगळवारी मी गाडी गॅरेजात नेली. पट्टा बांधून, अगदी सावकाश. चिरंजीवांनाही बरोबर घेतलं. मेस्त्रींनी दोन मिनिटांत सांगितलं, "वहिनी, क्लॉक स्प्रिंग तुटलीय." स्टिअरिंगच्या मागे घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी वायरची फीत असते. चाक कितीही फिरलं तरी हॉर्नची आणि बॅगेची वीज तीतून जात राहते. फीत तुटली की हॉर्न जातो आणि तांबडा दिवा लागतो. दोन्ही एकदम झालं, तर बहुधा हेच दुखणं.

"दिवा लागलेला असताना टक्कर झाली असती तर?" मी विचारलं.

"बॅग उघडली नसती असंच धरून चालायचं," मेस्त्री म्हणाले. दिव्याकडे चार दिवस काणाडोळा केल्याची मला लाज वाटली.

मी स्टूल ओढून समोरच बसले आणि सगळं काम पाहिलं. चिरंजीवही मुकाट्यानं पाहत होते. जे पाहिलं ते क्रमानं देते. घरी करायला नव्हे बरं का. आपल्या गाडीला कोणी हात लावला तर तो नीट करतो आहे की नाही, हे कळावं म्हणून.

१. आधी पुढची चाके सरळ केली, मगच किल्ली काढली.

२. बॅटरीचे मायनसचे टोक सोडवून ते बाजूला सरकवून ठेवले, पुन्हा चिकटू नये असे. मग मेस्त्री हात पुसत म्हणाले, "आता चहा." काही कंपन्यांच्या पुस्तकांत दीड मिनिट थांबा असे असते, काहींत तीन, काहींत दहा किंवा त्याहून जास्त. आपल्या गाडीच्या पुस्तकात असेल तो काळ कमीत कमी धरावा. मेस्त्री कोणत्याही गाडीला पंधरा मिनिटे देतात.

३. पुन्हा गाडीला हात लावण्याआधी त्यांनी दाराच्या उघड्या लोखंडाला हात टेकवला. कपड्यांत, अंगात साचलेली वीज तेवढ्याने निघून जाते.

४. टोपी पुढून उचकटायची नसतेच! स्टिअरिंगच्या मागच्या बाजूने दोन बोल्ट असतात, किंवा भोकातून दाबायच्या स्प्रिंगा. त्या सोडवल्या की बॅग आपण होऊन सैल होते. मेस्त्री हे काम बाजूला उभे राहून करत होते, तोंड समोर आणले नाही.

५. बॅगेच्या मागची वायर पिवळ्या जोडाची असते. गाडीत पिवळा जोड दिसला की तो एअरबॅगचा, हे ध्यानात ठेवावे. त्याची कडी आधी उघडून मग जोड सरळ उपसला. वायर धरून ओढली नाही.

६. बॅग उचलून नेताना तिचा गुळगुळीत चेहरा अंगापासून लांब, बाहेरच्या बाजूला धरला. टेबलावर ठेवताना चेहरा वर, पाठ खाली. पालथी ठेवली आणि चुकून उडाली, तर अख्खी डबी दिवाळीतल्या बाणासारखी वर जाईल. चेहरा वर असला तर नुसती पिशवी फुगेल. तिच्यावर पाना, कपडा, काहीही ठेवले नाही.

७. बॅगेच्या तारांना टेस्टर किंवा मीटर लावला नाही. मीटरमधली जराशी वीजही वात पेटवायला पुरी पडू शकते.

इथे आमच्या चिरंजीवांनी मान खाली घातली. रविवारी हातात टेस्टर होता, नाही का! मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

बॅग निघाल्यावर राहिलं ते साधं काम. मधला नट सैल करायच्या आधी मेस्त्रींनी चाक आणि दांडा या दोघांवर मिळून एक पांढरी रेघ मारली. पुन्हा बसवताना रेघेला रेघ जुळली की गाडी सरळ चालताना स्टिअरिंग वाकडं राहत नाही. नट पुरता काढला नाही, दोन आटे ठेवले. चाक घट्ट बसलेलं असतं. पुलरनं किंवा हातानं ओढताना ते एकदम सुटतं आणि नट नसेल तर थेट हनुवटीवर येतं. हातोडी तर चालवायचीच नाही. टकरीत आत दबून छाती वाचवावी अशी त्या दांड्याची रचना असते. ठोके बसले तर ती बिघडते.

नवीन फीत मधोमध जुळवलेली येते. बसेपर्यंत ती फिरवायची नाही, नाहीतर पहिल्याच मोठ्या वळणावर तुटते. नट किती आवळायचा याचं माप असतं, ते मापाच्या पान्यानं आवळलं. बॅग जोडून बोल्ट लावले. बॅटरी जोडली ती सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा गाडीत कोणालाही बसू दिलं नाही. मग मेस्त्रींनी बाजूनं हात घालून किल्ली फिरवली. तांबडा दिवा काही सेकंद लागला आणि विझला. हॉर्न दाबला, तर गॅरेजातलं मांजर पळालं!

घरोघरी लक्षात ठेवण्यासारखं

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरसमोर एअरबॅग सक्तीची झाली. पुढे शेजारच्या सीटसाठीही झाली. म्हणजे आता ही वस्तू केवळ श्रीमंतांच्या गाडीतली राहिलेली नाही. तेव्हा एवढं सांभाळावं.

– गाडी सुरू करताना दिवा लागून विझला पाहिजे. विझला नाही तर गॅरेज गाठावे. मुळीच लागला नाही तरीही दाखवावे. जुनी गाडी विकत घेताना तर हे आवर्जून पाहावे. बॅग नसलेल्या गाडीचा दिवाच कोणी काढून ठेवलेला असू शकतो.

– छाती आणि स्टिअरिंग यांत किमान पंचवीस सेंटिमीटर अंतर हवे, म्हणजे एक वीत आणि वर दोन बोटे. उंची कमी म्हणून आपण बायका पुढे सरकून बसतो. त्यापेक्षा सीट थोडी मागे घ्यावी, पण पाय पेडलपर्यंत नीट पोचले पाहिजेत.

– पट्ट्यावाचून बॅग घातकच. ती पट्ट्याच्या जोडीला आहे, बदली नाही. गरोदरपणी खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांलगत घ्यावा. वरचा छातीच्या मधून.

– मुलांना पुढे किंवा मांडीवर घेऊ नये. डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत वाशीला पुढच्या सीटवरचा सहा वर्षांचा मुलगा बॅग उघडल्यामुळे दगावला. मूल मागेच, पट्ट्यात.

– हॉर्नच्या टोपीवर चिकटवायचे चमकदार देवाचे चित्र, आणि शेजारच्या बॅगेच्या झाकणावर मूर्ती किंवा अत्तराची बाटली ठेवू नये. बॅग उघडली तर तीच वस्तू तोंडावर येते.

– भंगारातून काढलेली जुनी बॅग स्वस्तात मिळते म्हणून बसवू नये. टकाटा या जपानी कंपनीच्या बॅगांत अमोनियम नायट्रेट वापरले होते. ऊन आणि दमट हवा यांनी ते वर्षानुवर्षे बिघडत गेले, आणि बॅग उघडताना डबीच फुटून धातूचे तुकडे उडू लागले. जगभर माणसे दगावली, कोट्यवधी बॅगा परत मागवाव्या लागल्या आणि २०१७ साली कंपनीचे दिवाळे निघाले. आपल्या देशातही अशा बॅगा बदलून दिल्या गेल्या. गाडी जुनी असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर सांगून चौकशी करावी. असा भाग कंपनी फुकट बदलून देते.

– आणि आपल्या खात्यातले काम: न उडालेली बॅग रद्दी-डबे-बाटल्यांबरोबर भंगारवाल्याला देऊ नये. तो ती ठोकून फोडील, शेजारी त्याचे मूल बसलेले असेल. सर्व्हिस सेंटरलाच परत द्यावी.

परतताना गाडी चिरंजीवांनीच चालवली. वाटेत जरा वेळानं म्हणाले, "आई, तुला हे सगळं माहीत होतं?"

"सगळं कुठलं रे?" मी म्हटलं. "थांबायचं एवढं माहीत होतं."

घरी आल्यावर ह्यांनी गाडीचं पुस्तक मागून घेतलं आणि रात्री चष्मा लावून वाचत बसले. पुरुषमाणसं मशिनाबद्दल बोलू लागली की आपण पुष्कळदा गप्प बसतो. आपल्याला काय कळतंय, असं वाटतं. पण मैत्रिणींनो, वाफ जिरू द्यावी, झाकणाशी झटापट करू नये, तोंड बाजूला ठेवावं, हे शहाणपण आपल्या हातात रोजचं आहे. अंगणात कोणी स्टिअरिंगची टोपी उचकटताना दिसलं, तर चहा खाली ठेवा आणि आधी किल्ली ताब्यात घ्या. अबोला काय, दोन दिवसांत जातो.