गेमिंग लॅपटॉप की डेस्कटॉप? पातूरच्या उन्हात आणि विजेच्या लपंडावात कोण टिकतं?

बारावीचा निकाल लागला की पातूरसारख्या गावात घरोघरी दोन चर्चा सुरू होतात. पोरगं शिकायला अकोल्याला जाणार, अमरावतीला की थेट पुण्याला, ही पहिली. त्याला कॉम्प्युटर कोणता घ्यायचा, ही दुसरी. पोराच्या मनात चकाकणाऱ्या कीबोर्डचा गेमिंग लॅपटॉप असतो. प्रोजेक्टही होईल, एडिटिंगही होईल आणि रात्री गेमही खेळता येईल, असा त्याचा हिशेब. बाबांचा प्रश्न वेगळा असतो: "एवढ्या पैशात चांगला मोठा कॉम्प्युटर येत नाही का?"

बाबांचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. ८०-९० हजार रुपये ही रक्कम घरातून एकदाच निघते. ती चुकीच्या मशीनवर गेली, तर पुढची चार-पाच वर्षं तेच मशीन ओढावं लागतं. यूट्यूबवर यावर शेकडो व्हिडिओ आहेत, पण त्यातले बरेचसे एसीच्या गार खोलीत आणि अखंड विजेवर केलेले असतात. अकोल्याहून वाशिमकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पातूरमध्ये मे महिन्याच्या दुपारी त्याच मशीनचं काय होतं, हे त्या व्हिडिओंत दिसत नाही.

नाव एकच, कार्ड वेगळं

गेमिंगसाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड. स्क्रीनवर दिसणारं प्रत्येक दृश्य तेच तयार करतं. पहिली गफलतही इथेच होते. लॅपटॉपवर 'आरटीएक्स ४०७०' असं स्टिकर असतं, डेस्कटॉपच्या कार्डावरही तेच नाव असतं. ग्राहकाला वाटतं, दोन्ही एकच.

ते तसं नाही. डेस्कटॉपच्या ४०७० मध्ये ५,८८८ कोर आणि १२ जीबी मेमरी आहे, तर लॅपटॉपच्या ४०७० मध्ये ४,६०८ कोर आणि ८ जीबी. पुढच्या पिढीच्या ५०७० मध्येही तोच प्रकार आहे: डेस्कटॉपला ६,१४४ कोर आणि १२ जीबी, लॅपटॉपला ४,६०८ आणि ८ जीबी. सगळ्यात मोठा फरक वरच्या टोकाला दिसतो. डेस्कटॉपच्या ४०९० मध्ये १६,३८४ कोर आहेत आणि ते कार्ड ४५० वॉटपर्यंत वीज खातं. लॅपटॉपच्या ४०९० मध्ये ९,७२८ कोर आहेत, म्हणजे साधारण ६० टक्के. कोरचा हा आकडा डेस्कटॉपच्या ४०८० चा आहे. बारसं मात्र ४०९० म्हणून झालंय.

यात बेकायदेशीर काही नाही. कंपनी 'लॅपटॉप जीपीयू' असं लिहिते, फक्त ते वाचतं कोण?

उलट ४०६० मध्ये हे नाव बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. दोन्हीकडे ३,०७२ कोर आणि ८ जीबी मेमरी. पण इथे दुसरी मेख आहे, ती म्हणजे वॉट. डेस्कटॉपचं ४०६० हे ११५ वॉटचं कार्ड आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीला मात्र तेच कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बसवायची मुभा असते. बॉडी पातळ ठेवायची असेल तर वॉट कमी, जाड आणि मोठ्या पंख्यांची असेल तर वॉट जास्त. मोटारपंपाचं उदाहरण घेतलं तर पंप त्याच कंपनीचा, पण एकाला पुरता विद्युतदाब मिळतोय आणि दुसऱ्याला अर्धाच.

म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न 'कार्ड कोणतं' हा नाही, तर 'किती वॉटचं' हा आहे. कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेलच्या माहितीत 'टीजीपी' किंवा 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' या नावाने हा आकडा दिलेला असतो. दुकानदाराला तो माहीत नसेल, तर मोबाइलवर तिथेच शोधावा. पूर्ण वॉटचा ४०६० लॅपटॉप डेस्कटॉपच्या बऱ्यापैकी जवळ जातो. जितकं महागडं कार्ड, तितकी लॅपटॉपमध्ये तडजोड मोठी, असं सरळ गणित आहे.

ऊन मधे येतं तेव्हा

मे २०२० मध्ये अकोल्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. उन्हाळ्यात अकोल्याचं नाव देशातल्या सर्वाधिक तापलेल्या शहरांच्या यादीत येणं ही वऱ्हाडात बातमीही राहिलेली नाही. पातूर तिथून साधारण ३०-३५ किलोमीटरवर. टिनाच्या छताखालच्या खोलीत दुपारी काय होतं, ते इथल्या कुणाला सांगायला नको.

लॅपटॉप असो की डेस्कटॉप, पंखा चिपची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. त्यामुळे पंख्याने कितीही जोर लावला तरी चिप खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. समजा, २५ अंशांच्या खोलीत गेम खेळताना लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड ७८ अंशांवर स्थिरावतं. खोली ४० अंशांवर गेली तर तेच कार्ड ९३ च्या आसपास जायला हवं. पण लॅपटॉपमधल्या बऱ्याच कार्डांची मर्यादा साधारण ८७ अंशांची असते. तिथे पोहोचलं की कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं. याला थ्रॉटलिंग म्हणतात. दहा मिनिटं गेम मस्त चालतो आणि मग ऐन फायटिंगमध्ये अडकायला लागतो, त्यामागे अनेकदा हेच कारण असतं. मशीन खराब झालेलं नसतं, ते तापलेलं असतं.

डेस्कटॉपलाही हाच नियम लागू आहे. फरक एवढाच की त्याच्याकडे जागा आहे. मोठं हीटसिंक, मोठे पंखे, हवा खेळायला रिकामी पोकळी. २५ अंशांत ६५ वर चालणारं कार्ड ४० अंशांत ८० वर जातं आणि तरीही मर्यादेच्या आत राहतं. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड बहुतेकदा एकाच तांब्याच्या नळ्यांवर उष्णता सोडतात. एक तापला की दुसराही तापतो.

त्यात बॅटरी. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. सतत चार्जिंगला लावून, १०० टक्के भरलेल्या अवस्थेत, तापलेल्या खोलीत रोज चार तास गेम खेळला तर ती लवकर म्हातारी होते, कधी कधी फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला तर ते याचं लक्षण असू शकतं. असा लॅपटॉप चार्जिंगला न लावता थेट दुरुस्तीला न्यावा. बहुतेक गेमिंग लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते. ती पहिल्याच दिवशी सुरू करावी.

आता कूलरचं. वऱ्हाडात उन्हाळा कूलरवरच निघतो आणि कूलरने खोली गार झाली की मशीनलाही फायदा होतोच. पण कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवणं वाईट. त्या हवेत ओल असते, कधी बारीक तुषार असतात आणि पाण्यातल्या क्षारांबरोबर धूळही येते. महिनाभरात पंख्यांवर आणि हीटसिंकवर राखाडी थर बसतो. मशीन कूलरच्या बाजूला, जमिनीपासून थोडं वर असावं. डेस्कटॉप घरीच उघडून ब्लोअरने साफ करता येतो. लॅपटॉपची मागची प्लेट उघडणं त्या मानाने नाजूक काम आहे.

लाईन गेली तर?

इथे मात्र लॅपटॉप बाजी मारतो. आभाळ भरून आलं की लाईन जाते, हे गावात गृहीतच धरलेलं असतं. डेस्कटॉप त्याच क्षणी बंद पडतो. विंडोज अपडेट सुरू असताना किंवा फाइल सेव्ह होत असताना असं झालं तर डेटा बिघडू शकतो. लॅपटॉपला त्याची बॅटरी हाच यूपीएस.

म्हणून डेस्कटॉपच्या बजेटमध्ये यूपीएस धरावाच लागतो, आणि त्यातही मेख आहे. सर्रास विकला जाणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटचा भार पेलतो. गेम चालू असताना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून तेवढी वीज सहज खातात. मग लाईन गेली की यूपीएस टूं करतो आणि मशीनसकट बंद. गेमिंग डेस्कटॉपला किमान १,००० व्हीएचा यूपीएस हवा. तोही काही मिनिटांसाठीच, म्हणजे सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता. मॅच संपवण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नये.

लॅपटॉपवाल्यांनीही फार खूश व्हायला नको. बॅटरीवर गेलं की लॅपटॉप ग्राफिक्स कार्डचे वॉट झटक्यात कमी करतो, कारण बॅटरी तेवढी वीज पुरवूच शकत नाही. विमानात नेता यावी म्हणून लॅपटॉपची बॅटरी १०० वॉट-अवरच्या आत ठेवतात. ९० वॉट-अवरच्या बॅटरीवर ९० वॉट खाल्ले तर तासाभरात खेळ खल्लास. शिवाय ऑनलाइन गेम असेल तर वायफायचा राउटरही विजेवरच चालतो. त्याला छोटा यूपीएस नसेल तर लॅपटॉप चालू राहून काय उपयोग?

बिलाचंही पाहू. डेस्कटॉप मॉनिटरसह ३८० वॉट आणि लॅपटॉप १८० वॉट धरला, रोज चार तास गेमिंग धरलं, तर महिन्याला डेस्कटॉपचे साधारण ४५ युनिट होतात आणि लॅपटॉपचे साधारण २२. फरक २३-२४ युनिटचा. ऐकायला कमी वाटतं, पण महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरच्या प्रत्येक युनिटला वरचा दर लागतो. ९० युनिटवर थांबणाऱ्या घराला हा फरक जाणवतो.

आणखी एक, अर्थिंग. जुन्या घरांत अनेकदा ते नसतंच किंवा नावापुरतं असतं. मग कॅबिनेटच्या लोखंडी पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपमध्येही हे होतं. ८० हजारांचं मशीन आणण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

बिघडलं तर कुठे न्यायचं?

असेंबल केलेल्या डेस्कटॉपमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते. ग्राफिक्स कार्डावर बहुतेकदा तीन वर्षं, चांगल्या पॉवर सप्लायवर त्याहून जास्त. बिघडलेला भाग तेवढाच बदलतो. लॅपटॉपवर साधारण एकच वर्ष मिळतं, आणि प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवरच डकवलेले असल्यामुळे एक गेलं की अख्खा बोर्ड बदलायची वेळ येते. त्यामुळे लॅपटॉप घ्यायचाच असेल तर वाढीव वॉरंटी आधी पाहावी. कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो असं जाहिरातीत असलं, तरी ती सेवा पातूरच्या पिनकोडवर मिळते का, हे कस्टमर केअरला विचारून मगच पैसे द्यावेत.

डेस्कटॉपचा खरा फायदा मात्र हप्त्याहप्त्याने उभा करता येण्यात आहे. हातात पैसा वर्षभर सारखा नसलेल्या घरांसाठी ही मोठी गोष्ट. आधी अंगचे बरे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यायचा. २०२१ मध्ये आलेल्या रायझन ५ ५६००जी वरही व्हॅलोरंटसारखा हलका गेम खेळता येतो. मग दिवाळीच्या सुमारास सोयाबीन विकलं की ग्राफिक्स कार्ड. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ मध्ये पहिले रायझन आले आणि २०२२ मध्ये ५८००एक्स३डी आला. त्या काळातल्या अनेक मदरबोर्डना नुसतं बायोस अपडेट करून पाच वर्षांनंतरचा प्रोसेसर चालला. लॅपटॉपमध्ये फार तर रॅम आणि एसएसडी बदलता येते, काहींत रॅमही नाही.

पण सध्या घाईने हिशेब करू नये. २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ग्राहकांसाठीचा 'क्रुशियल' ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुन्या व्हिडिओतली 'इतक्या हजारांत बिल्ड' ही यादी आज तशीच लागू होईलच असं नाही. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, यूपीएस धरूनच लॅपटॉपशी तुलना करावी.

मग घ्यायचं काय?

पोरगं गावाबाहेर राहणार असेल, तर लॅपटॉप. यात फार डोकं लावण्यासारखं नाही. होस्टेलच्या खोलीत टेबल किती, प्लग किती आणि रूम दर वर्षी बदलणार की नाही, यावरच निम्मा निकाल लागतो. कॉलेजात प्रेझेंटेशन द्यायला कुणी कॅबिनेट उचलून नेत नाही. ४०६० किंवा तिच्या दर्जाचं पूर्ण वॉटचं कार्ड, जाड बॉडी आणि दोन वर्षांची तरी वॉरंटी असावी. ४०८०-४०९० च्या मागे लागू नये. १६ जीबी रॅम एकाच पट्टीत असेल तर पुढे दुसरी टाकावी, वेगात फरक पडतो.

मशीन पातूरलाच राहणार असेल, घरी बसून स्ट्रीमिंग करायचं असेल किंवा लग्नाचे व्हिडिओ एडिट करून चार पैसे कमवायचे असतील, तर डेस्कटॉप. तासन्‌तास चालणाऱ्या रेंडरिंगला उन्हाळ्यात तोच टिकतो. अकोल्याहून कॅबिनेट आणताना मात्र जड ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं ठेवावं. रस्त्यातल्या खड्ड्यांत त्याच्या वजनाने मदरबोर्डचा स्लॉट तुटू शकतो.

लॅपटॉप घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात एक चाचणी करावी. दुपारी, पंखा चालू असलेल्या नेहमीच्या खोलीत, अर्धा तास जड गेम चालवायचा आणि एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कार्डचं तापमान आणि वॉट पाहायचे. जाहिरातीत १०० वॉट आणि स्क्रीनवर ६० दिसत असतील, तर आधी परफॉर्मन्स मोड सुरू आहे का ते तपासावं. सुरू असूनही आकडा वर जात नसेल, तर स्क्रीनचा फोटो काढून बिलासह दुकानात जावं, बदलून देण्याची मुदत संपायच्या आत.