कंपनीचा पत्ता आणि आपला पत्ता

कर चुकवणे आणि कर टाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत कायदा मोडला जातो. दुसरीत कायद्यातली फट शोधली जाते. बहुराष्ट्रीय कंपन्यांचा एक आवडता मार्ग म्हणजे फट शोधून पत्ता बदलणे.

उदाहरण घेऊ. २००७ साली व्होडाफोनने हचिसनकडून भारतातील मोबाइल धंद्यातला ६७ टक्के हिस्सा सुमारे ११ अब्ज डॉलर्सना घेतला. टॉवर इथले, ग्राहक इथले, परवाने इथले. पण कागदावर विकला गेला तो केमन बेटांवरील एका कंपनीचा एक शेअर, आणि तो घेतला नेदरलँड्समधील कंपनीने. केमनमध्ये अशा नफ्यावर करच नाही. आपल्या आयकर खात्याने ११,००० कोटी रुपयांहून अधिक रकमेची मागणी केली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० मध्ये खात्याची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तो निकाल फिरवला. तेव्हाच्या कायद्याने असा कर बसत नाही, असे म्हटले. सरकारने त्याच वर्षी पूर्वलक्षी दुरुस्ती केली आणि २०२१ मध्ये ती जुन्या व्यवहारांपुरती मागे घेतली. पुढच्या व्यवहारांसाठी फट बुजली. तो पैसा मात्र गेला.

आता वस्तीतल्या बाईकडे पाहा. साबणाची वडी घेताना ती किमतीतच कर भरते. त्याच वडीवर कोट्यधीशालाही तेवढाच कर. तिला वकील नाही आणि केमनचा पत्ताही नाही. बाबासाहेबांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा आपला ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध केला. कराचा भार कोणाच्या पाठीवर पडतो, हा प्रश्न त्यांनी तेव्हाच मांडला होता.

कंपनीने न भरलेला कर हवेत विरत नाही. तो दुसऱ्या कोणाकडून तरी वसूल होतो, नाही तर खर्चाला कात्री लागते. पैसेवाला खाजगी शाळा आणि खाजगी दवाखाना गाठतो. आपल्या पोरांना सरकारी शाळा, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांचाच आधार. म्हणून हा प्रश्न केवळ वकील-हिशेबनिसांचा नाही.

गावकुसाबाहेरचा पत्ता आपल्याला जन्माने चिकटवला गेला. तो पुसायला पिढ्या खपल्या, अजून खपताहेत. कंपनीला पत्ता बदलायला एक सही पुरते. ज्या मातीत आणि ज्यांच्या घामावर नफा होतो, तिथेच कर भरला पाहिजे, ही मागणी आपण आपल्या चळवळीच्या भाषेत मांडली पाहिजे.