गळका कॅम्पर : स्वस्त माल, महाग अंदाज

मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायच्या छोट्या घरगाडीला अमेरिकेत कॅम्पर ट्रेलर म्हणतात. आत दोन-चार माणसांचे बिछाने, एक शेगडी, पाण्याची टाकी आणि चार कपाटे. १९४१ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'शास्ता' कंपनीच्या १९५० आणि ६० च्या दशकांतील गाड्यांना तिथे आजही शौकीन गिऱ्हाईक आहे. चांगल्या अवस्थेतली गाडी महाग पडते, परसात कुजत पडलेली मात्र किरकोळ किमतीत मिळते. त्यामुळे नवशिक्या कारागिराचा हात याच मालाकडे वळतो, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो.

आपल्याकडच्या सुतार, पत्रेवाले आणि गाड्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या बंधूंना हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. खाली लोखंडी चासी, तिच्यावर प्लायचा तळ. भिंतीची बांधणी आतून बाहेर होते. आधी आतला पातळ प्लाय, त्यावर पाऊण इंच जाडीच्या लाकडी पट्ट्यांची चौकट, चौकटीत उष्णता अडवणारे भरण आणि सर्वांत शेवटी ॲल्युमिनियमचा पत्रा. छपराचा आणि भिंतीचा पत्रा जिथे मिळतो, तिथे लांबी भरून वरून पट्टी स्क्रूने आवळलेली असते.

सारा घोटाळा या लांबीत आहे. काही वर्षांत ती सुकते, तडकते. पाणी छपराच्या कडेने किंवा खिडकीच्या चौकटीतून शिरते आणि पत्र्याआडून गुपचूप खाली उतरत तळाच्या कोपऱ्यात साठते. म्हणजे भोक वर आणि कूज खाली! आतल्या प्लायवर तपकिरी डाग दिसेपर्यंत मागच्या पट्टीचा भुगा झालेला असतो. डागावर नवा प्लाय ठोकून रंग मारणारे महाभाग तिथेही कमी नाहीत. अशी गाडी विकली जाते खरी, पण भिंतीची चासीवरची पकड सुटलेली असल्याने रस्त्यावर बॉडी हलू लागते. मागून येणाऱ्याच्या जिवाशी तो खेळ आहे.

घेण्यापूर्वी बिछान्याखाली, कपाटाच्या मागे आणि खिडकीखाली पेचकसाचे टोक दाबून पाहावे. टोक सहज आत गेले तर लाकूड संपले आहे असे समजावे. ओल मोजण्याचे यंत्र असल्यास उत्तम. लाकडातील ओल २० टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी सहसा वाढत नाही. चासीचा गंज आणि मालकीचे कागदही तेव्हाच तपासावेत. टायर वरून नवे दिसले तरी त्यावरील शेवटचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष.

काम बाहेरून उघडावे लागते. पट्ट्या काढून पत्रा उतरवायचा, पण एका वेळी एकच बाजू. सगळे एकदम मोकळे केले तर बॉडीचा आकार बिघडतो आणि मग दरवाजा बसत नाही. आतून टेकू द्यावेत, प्रत्येक तुकड्यावर नंबर घालावा, फोटो काढून ठेवावेत. कुजलेली पट्टी फेकू नये, तोच नव्या पट्टीचा फर्मा. छपराची गोलाई कागदावर कितीही मापली तरी जुन्या तुकड्याइतकी बरोबर येत नाही.

मालाच्या बाबतीत दोन चुका वारंवार होतात. पहिली सिलिकॉनची. ते एकदा लागले की त्याच्या उरलेल्या थरावर पुढे दुसरे काहीच धड चिकटत नाही. पट्टीखाली ब्युटाइलची टेप लावावी. दुसरी चूक औषध मारलेल्या लाकडाची. त्यातील तांबे ओलाव्यात ॲल्युमिनियमला खाते, म्हणून पत्र्याला ते लाकूड चिकटता कामा नये. मजबुतीच्या हौसेने जाड प्लाय घालणेही बरे नव्हे. ओढायच्या गाडीत वजनाचा हिशेब मोठा असतो, एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकावर यावा लागतो. गॅस, वीज आणि ब्रेक जाणकाराच्याच हाती द्यावेत.

आता दराचे. गिऱ्हाईक बाहेरून गाडी दाखवून "किती घेणार?" विचारते, आणि पहिले काम मिळवण्याच्या घाईत नवा कारागीर ठोक आकडा सांगून मोकळा होतो. पत्रा उघडल्यावर कूज दुप्पट निघाली की मजुरी खिशातून जाते किंवा गाडी अर्धवट पडते. उघडण्याची मजुरी वेगळी ठरवावी, उघडल्यावर गिऱ्हाइकाला समोर उभे करून सगळे दाखवावे, आणि मगच पुढचा दर लेखी द्यावा.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशी गाडी उद्या कोकणातला पावसाळा काढून आपल्या शेडमध्ये दुरुस्तीला आली, तर आधी छपरावर नळीने पाणी सोडून कोणी तरी आत बॅटरी घेऊन बसावे. रंगाचा डबा त्यानंतर उघडावा.