एक मतदार, दोन याद्या

चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात, तेलंगणाच्या हद्दीला लागून चौदा गावं आहेत. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा ही त्यांपैकीच. दोन्ही राज्यं त्यांच्यावर हक्क सांगतात, म्हणून अनेक घरांत रेशनकार्डंही दोन आणि मतदार ओळखपत्रंही दोन. इकडे राजुरा विधानसभा नि चंद्रपूर लोकसभा, तिकडे आसिफाबाद नि आदिलाबाद. राजुऱ्याचा हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यातच होता.

कायद्याला ही दुहेरी मतदारनोंदणी मंजूर नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १७ म्हणतं, एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघाच्या यादीत हवं. १९५१ च्या कायद्याचं कलम ६२ आणखी कडक आहे: लोकसभेच्या एकाच निवडणुकीत दोन मतदारसंघांत मत दिलंत, तर दोन्ही मतं बाद. पण मतदान गुप्त. यंत्रातून तुमचं मत शोधून काढणार कोण?

म्हणून खरा पहारा शाईचा. केंद्रावर आधी डाव्या हाताची तर्जनी तपासतात. तिच्यावर खूण दिसली तर मत देता येत नाही. २०१९ मध्ये दोन्हीकडे ११ एप्रिललाच मतदान होतं, तेव्हा एकच बाजू निवडणं भाग होतं. २०२४ मध्ये चंद्रपुरात १९ एप्रिल, आदिलाबादेत १३ मे. तेवढ्या दिवसांत कातडीवरची शाई फिकी पडते, नखावरची मात्र टिकते.

त्या वर्षी चंद्रपुरातून काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर निवडून आल्या, आदिलाबादेतून भाजपचे गोडम नगेश. चौदा गावांच्या मतांनी निकाल फिरला असता असं नाही. धानोरकरांचं मताधिक्यच अडीच लाखांवर होतं. पण या गावांचा कल कोणत्या पक्षाकडे, हे एका राज्याचे आकडे पाहून सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

दुबार नावं सापडावीत म्हणून २०२१ च्या दुरुस्तीनं यादीला आधार जोडण्याची सोय केली, तीही ऐच्छिक. नाव सापडलं तरी कापायचं कुठलं? यादीतून नाव गेलं की त्या राज्याचं रेशन, पेन्शनही जाईल, ही धास्ती लोकांना असतेच.

जुलै २०२५ मध्ये ही गावं महाराष्ट्रात समाविष्ट करण्याची घोषणा राज्य सरकारनं केली. पण सीमा ठरली म्हणून पलीकडच्या यादीतलं नाव आपोआप निघत नाही. त्यासाठी तिथल्याच मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे फॉर्म ७ द्यावा लागतो, नाहीतर त्यानं स्वतः नोटीस काढून सुनावणी घ्यावी लागते.